म्हाताऱ्या कोंबड्या आणि परसातला कळप : खान्देशात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत घरामागे चार-दहा कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. पोल्ट्रीवाल्यांना तिचा उपयोग नाही. त्यांच्याकडे लेअर (अंड्यांसाठी पाळलेली) कोंबडी दीड वर्षाची झाली की गाडीत भरली जाते, त्यामुळे म्हातारपणाचा प्रश्नच उरत नाही. परसातली कोंबडी मात्र सहा-सात वर्षं सहज काढते. तिला काय होतंय ते सांगणारा माणूस मिळत नाही, आणि डॉक्टरांना गाय-म्हैस अडल्याशिवाय कोणी बोलावत नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

कोंबडी म्हातारी झाली असं कधी समजायचं?

अंड्यांच्या हिशेबाने तीन वर्षांनंतर आणि शरीराच्या हिशेबाने पाच वर्षांनंतर. गावठी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, साधारण सहा-सात महिन्यांत अंड्यावर येते आणि वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. गिरिराज, वनराज या सुधारित जाती सव्वाशे-दीडशेपर्यंत जातात. पहिलं वर्ष सगळ्यात भराचं. पुढे दरवर्षी अंडी पंधरा-वीस टक्क्यांनी कमी होत जातात. चांगली सांभाळली तर गावठी कोंबडी आठ वर्षं जगते, एखादी दहाही गाठते.

म्हातारपण दिसतंही. पायावरचे खवले जाड होतात, काही कोंबड्यांना पायाच्या मागे नरासारखी आरी (टोकदार काटा) फुटते. रात्री बसायच्या दांडीवरून उतरताना ती उडत नाही, धप्पकन पडते. अंडं आकाराने मोठं येतं, पण त्याचं कवच पातळ असतं.

अंडी बंद झाली म्हणजे म्हातारीच झाली ना?

नाही. हा गैरसमज फार कोंबड्यांच्या जिवावर उठतो. अंडी थांबायला वयाशिवाय निदान सहा कारणं आहेत: पीसगळ, खुडूक (अंडी उबवायला बसून राहणं), हिवाळ्यातला लहान दिवस, मे महिन्यातलं ऊन, पोटातले जंत आणि कोंबडी दुसरीकडे कुठेतरी अंडी घालत असणं. कडब्याच्या गंजीत किंवा पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगात तिने स्वतःची जागा शोधली असेल, तर तुम्ही खुराड्यात अंडी शोधत बसता आणि मुंगूस तिकडे खाऊन जातं.

खात्री करायची सोपी रीत अशी. कोंबडी काखेत धरून शेपटीखाली, अंडं येण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंची टोकदार हाडं बोटांनी चाचपा. मधे दोन-तीन बोटं बसत असतील आणि ती जागा ओलसर, मोठी, मऊ असेल तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट कसंबसं मावत असेल आणि जागा कोरडी, आक्रसलेली असेल तर सध्या अंडी बंद आहेत. 'सध्या' हा शब्द लक्षात ठेवा. महिन्याने पुन्हा बघा.

आणखी एक ऐकीव गोष्ट: 'तिच्या पोटातली अंडी संपली.' अंडी संपत नसतात. कोंबडीच्या डाव्या अंडाशयात हजारो सूक्ष्म बीजं असतात आणि आयुष्यभरात त्यांतली थोडीच पिकतात. वयाबरोबर ती पिकवण्याचा वेग मंदावतो, इतकंच.

दिवाळीच्या सुमारास कोंबडीची पिसं गळून ती अर्धी उघडी पडते. हा रोग आहे का?

बहुतेक वेळा नाही. दिवस लहान व्हायला लागला की वर्षाची जुनी पिसं टाकून कोंबडी नवी घेते. सुरुवात डोकं-मानेपासून होते, मग पाठ-छाती, मग पंख आणि शेपूट. सगळं उरकायला दोन-तीन महिने लागतात. म्हातारी कोंबडी जास्त वेळ घेते आणि तेवढे दिवस अंडं देत नाही.

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. म्हणून या काळात नुसती ज्वारी-बाजरी टाकून भागत नाही. उकडलेलं अंडं कुस्करून, भिजवून खारटपणा काढलेली सुकट, चांगली शेंगदाणा पेंड, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती), शेतातली वाळवी यांतलं जे हाताशी असेल ते द्या. नव्या पिसांच्या कोंभात रक्त असतं आणि दाबलं की दुखतं, त्यामुळे पोरांना तिला उचलू देऊ नका.

रोग कसा ओळखायचा? पीसगळीत सगळीकडून पिसं जातात आणि लगेच नवे कोंभ दिसतात. एकाच जागी टक्कल पडलं असेल, पिसं मधूनच तुटली असतील किंवा शेपटीखालची कातडी लाल दिसत असेल, तर उवा, पिसवा किंवा दुसऱ्या कोंबडीची चोच हे कारण असतं.

म्हाताऱ्या कोंबडीला खायला काय द्यावं?

इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खान्देशातल्या अंगणात जे सहज सांडलेलं असतं त्यातलं बरंचसं चालतं आणि काही अगदीच चालत नाही.

आधी चुन्याचं म्हणजे कॅल्शियमचं बघू. बाजारातलं लेअर खाद्य रोज अंडं देणाऱ्या कोंबडीसाठी असतं आणि त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं. जिची अंडी बंद आहेत तिला ते वर्षभर खाऊ घातलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. एकाच अंगणात तलंगा आणि म्हाताऱ्या एकत्र असतील, तर सगळ्यांना साधं ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांचं) खाद्य किंवा घरचा भरडा द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. गरज असलेली कोंबडी तो स्वतःहून टिपते, बाकीच्या दुर्लक्ष करतात. अंड्याची टरफलं भाजून, बारीक करून दिली तरी चालतात. चुरा संध्याकाळी ठेवलेला बरा, कारण कवच मुख्यतः रात्री तयार होतं.

दुसरी गोष्ट मका. मका स्वस्त आहे, कोंबड्यांना आवडतो, म्हणून लोक मकाच टाकतात. बसून असलेल्या वयस्क कोंबडीला त्याने चरबी चढते, यकृत चरबीने भरतं आणि वरून धडधाकट दिसणारी कोंबडी एके सकाळी मरून पडलेली सापडते. मका निम्म्याच्या आत ठेवा आणि बाकी ज्वारी, बाजरी, गव्हाचा भरडा, डाळीची चुरी द्या. अवकाळी पावसात भिजून काळा-हिरवा पडलेला मका किंवा बुरशी आलेली शेंगदाणा पेंड तर ढोरांनाही नको आणि कोंबडीलाही नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आधी म्हाताऱ्यांना आणि पिलांना गाठतं.

सरकी पेंड घरात ढोरांसाठी असतेच. कोंबड्यांनी घमेल्यात चार चोची मारल्या म्हणून काही बिघडत नाही, पण खाद्य म्हणून ती देऊ नका. तिच्यातल्या गॉसिपॉल या द्रव्यामुळे अंड्याचं पिवळं शेवाळी-तपकिरी पडतं, आणि सरकीच्या तेलातल्या काही घटकांमुळे पांढरं गुलाबी होतं. 'अंडं फोडलं तर आत गुलाबी निघालं, कोणी काही केलं का?' असा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न सरकीचाच विचारावा.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे लागवडीतून उरलेलं, रंग आणि औषध लावलेलं कपाशीचं किंवा मक्याचं बियाणं. मे-जूनमध्ये फुटलेलं पाकीट ओट्यावर राहतं आणि कोंबड्या ते टिपतात. उरलेलं बी कुलपात ठेवा. फवारणी झाल्यावर काही दिवस कोंबड्यांना त्या बांधाकडे जाऊ देऊ नका, कारण औषधाने मेलेल्या अळ्या त्या आवडीने खातात.

उरलंसुरलं चालतं. भाकरीचा चुरा, बिनमसाल्याचा भात, केळीच्या साली, मेथी-शेवग्याचा पाला खुशाल द्या. शेवभाजीचा रस्सा, फरसाण, पापडाचा खारा चुरा मात्र नको. कोंबडीला मीठ फार थोडं सोसतं.

आणि वाळू. कोंबडीला दात नाहीत, दाणा पोट्यात खड्यांनी दळला जातो. काळ्या जमिनीत खडे मिळत नाहीत, म्हणून कोंडून ठेवलेल्या कोंबड्यांसाठी नदीची भरड वाळू एका घमेल्यात ठेवून द्या.

उन्हाळ्यात म्हाताऱ्याच जास्त मरतात. काय करावं?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कोंबडीच्या शरीराचं तापमान मुळातच ४१-४२ अंश असतं आणि तिला घाम येत नाही. तुरा, गळ्याखालच्या लाल पाळ्या आणि उघडी चोच एवढीच तिची उष्णता बाहेर टाकायची साधनं. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम झाली की तुरा-पाळ्यांचा उपयोग संपतो आणि उरतं ते धापा टाकणं. म्हातारी, जाड, भरपूर पिसांची कोंबडी त्यात थकते. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कवच बनायला तोच लागतो, म्हणून उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ येतं. तिथे चुना वाढवून फारसा फरक पडत नाही, सावली आणि हवा वाढवली की पडतो.

पत्र्याचं खुराडं ही खरी भट्टी. पत्र्यावर कडबा किंवा पऱ्हाट्यांचा वीतभर थर टाका, वर दुपारी पाणी मारा. भिंतीऐवजी जाळी असेल तर पश्चिमेकडून ओलं पोतं टांगा, पण चारही बाजू पोत्यांनी बंद करू नका. आत दमटपणा साठला तर धापा टाकूनही उष्णता जात नाही. त्यापेक्षा कोंबड्या दिवसभर निंबाखाली मोकळ्या असलेल्या बऱ्या.

पाणी मातीच्या पसरट भांड्यात, दोन-तीन ठिकाणी, सावलीत ठेवा आणि दुपारी बदला. तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही. दोन-तीन ठिकाणी ठेवायचं कारण वेगळंच आहे: एकच भांडं असेल तर कळपातली दांडगी कोंबडी ते अडवते आणि म्हातारी तहानलेली राहते. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते, त्यामुळे अकरा ते चार खाद्य समोर नको.

कोंबडी पंख पसरून, मान लांब करून, डोळे मिटून पडली असेल तर ती शेवटची पायरी आहे. सावलीत आणा, पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्यात धरा, चोचीला थेंब थेंब पाणी लावा. घशात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. बर्फाचं पाणीही नको.

आणि थंडीत?

थंडी कोंबडी सोसते, वारा आणि ओल सोसत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा सहा-सात अंशांवर उतरतो, तेव्हा उत्तरेकडची जाळी पोत्याने झाका, वरची फट उघडी ठेवा आणि खाली भुशाचा किंवा शेंगांच्या टरफलांचा कोरडा थर वाढवा. पीसगळ अजून संपली नसेल तर तिला रात्री डालग्याखाली वेगळी ठेवा.

बाकीच्या कोंबड्या म्हातारीला टोचतात, दाण्यापाशी येऊ देत नाहीत. असं का?

प्रत्येक कळपात कोण कोणाला टोचू शकते याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या थोरलेफ श्येल्डरप-एब्ब यांनी १९२१ साली ती पहिल्यांदा नीट मांडली. आपल्याकडच्या बाया न लिहिता तेच सांगत आल्या आहेत: 'ती काळी सगळ्यांची सासू.' वरची कोंबडी आधी खाते, दांडीवर चांगली जागा घेते, धुळीत आधी लोळते. एकदा उतरंड ठरली की मारामाऱ्या कमी होतात, नुसती मान उचलून बघितलं तरी खालची बाजूला होते. म्हणजे थोडीफार टोचाटोची हे कळप नीट चालल्याचं लक्षण आहे. प्रत्येक वेळी काठी घेऊन धावायची गरज नाही.

पण लक्ष द्यायला हवं ते बदलाकडे. वर्षानुवर्षं पहिला दाणा टिपणारी कोंबडी अचानक कडेला उभी राहू लागली, कालची तलंग तिला हुसकावू लागली, तर तिच्या शरीरात काहीतरी बिघडलं आहे. कोंबडी आजार लपवते, कारण दुबळी दिसली की आधी आपल्याच कळपाची चोच बसते. माणसाला ताप-सर्दी दिसायच्या आधी कळपाला ते कळलेलं असतं. म्हणून रोज सकाळी दाणे टाकताना पाच मिनिटं नुसतं उभं राहून कोण कुठे आहे ते बघणं, हे कुठल्याही टॉनिकपेक्षा मला जास्त उपयोगाचं वाटतं.

कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोकं आणि तुऱ्यावरून ओळखतात. वयाने किंवा आजाराने तुरा पडला, फिका झाला, सुकला तर ओळख बिघडते आणि जुन्या मैत्रिणीही टोचू लागतात.

करायचं काय? दाणे एका जागी ओतू नका, अंगणभर विखरा. पाण्यासारखंच खाद्यही दोन-तीन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवा. म्हातारीला आसऱ्याला जागा असू द्या: उभी टेकवलेली फळी, उलटी टोपली, झुडूप. रक्त निघालं असेल तर मात्र त्याच क्षणी वेगळी काढा. लाल रंग दिसला की बाकीच्या तिथेच टोचत राहतात आणि जिवंत कोंबडी फाडतात. जखम धुऊन जांभळं औषध लावा, त्याने जंतू मरतात आणि लाल रंगही झाकला जातो. वेगळी ठेवताना जाळीतून कळप दिसेल अशी ठेवा. आठ-दहा दिवस पूर्ण नजरेआड गेलेली कोंबडी परत आली की तिला परकी समजतात.

सगळ्याच कोंबड्या एकमेकींची पिसं उपटत असतील तर तो उतरंडीचा प्रश्न नाही. जागा कमी पडते आहे, प्रथिनं कमी आहेत किंवा रात्री खुराड्यात पिसवा चावत आहेत.

नव्या तलंगा आणायच्या आहेत. जुन्या त्यांना मारतील का?

थोडं मारतीलच. पण उलटही होतं, चार दांडग्या तलंगा मिळून म्हातारीला दाण्यापासून तोडतात. आठवडाभर जाळीआड शेजारी ठेवा, मग रात्री अंधारात दांडीवर नेऊन बसवा आणि सकाळी लवकर सगळ्यांना मोकळं सोडा, म्हणजे भांडणाला जागा मिळते. एकटी तलंग कधी आणू नका, किमान दोन आणा. बाजारातून आणलेल्यांना त्याआधी दोन-तीन आठवडे अगदी दूर, वेगळ्या भांड्यात खाऊ घाला. आठवडी बाजारातून पक्ष्याबरोबर मानमोडी (राणीखेत) हा रोगही घरी येतो.

कोंबडा म्हातारीची पाठ सोलून काढतो.

कोंबड्या कमी आहेत. एका कोंबड्याला आठ-दहा तरी हव्यात. नखं आणि आरीची टोकं कानशीने घासा, किंवा कोंबड्याला दिवसाआड कोंडा. दोन कोंबडे असतील तर एक कमी करा, यात दुसरा उपाय नाही.

आमची म्हातारी कोंबडी आरवायला लागली. माय म्हणते अशुभ आहे, कापून टाका.

मायला सांगा, यात घरावर काही येत नाही. कोंबडीचं फक्त डावं अंडाशय काम करतं. वयाने किंवा आजाराने ते निकामी झालं की मादीपणाचं संप्रेरक कमी होतं, आणि उजवीकडचा न वाढलेला अवयव कधीकधी नरासारखा वागू लागतो. तुरा वाढतो, आरी फुटते, ती आरवते, दुसऱ्या कोंबड्यांवर चढायलाही बघते. कळपात कोंबडा नसेल तर वरच्या पायरीवरची धडधाकट कोंबडीही कधीकधी आरवते. तिला राहू द्या. खात-पीत असेल तर औषधाची गरज नाही.

म्हातारी खुडूक बसली आहे. अंड्यांवर बसवू का?

हंगाम बघा आणि तिचं वजन बघा. खुडूक कोंबडी एकवीस दिवस दिवसातून एकदाच उठते, खाणंपिणं निम्म्यावर येतं आणि अंग उतरतं. छातीचं हाड आधीच हाताला धारदार लागत असेल तर बसवू नका. एप्रिल-मेमध्ये तर मुळीच नको. अंडीही उन्हाने खराब होतात आणि ती जागेवर बसून उष्माघाताने मरते.

तब्येत चांगली असेल आणि पाऊस सरून थंडी लागत असेल तर म्हाताऱ्या गावठी कोंबडीसारखी आई नाही. गिरिराज-वनराज सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची आठ-दहा अंडी तिच्याखाली ठेवली तर पिलं निघतात आणि घारीची सावली पडली की पंखाखाली कसं पळायचं तेही शिकतात, जे इन्क्युबेटरच्या पिलांना कोणी शिकवत नाही. जी कोंबडी अंडी देत नाही तिचा अंगणात हा खरा उपयोग आहे, आणि तो हिशेबात कोणी धरत नाही.

खुडूक मोडायची असेल तर नाकात पीस घालणं, पाण्यात बुडवणं हे प्रकार सोडा. खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, भुसा-गवत न घालता, दाणा-पाण्यासह तीन-चार दिवस ठेवा. पोटाला गारवा लागला की ती उठते.

त्यांचे आवाज ओळखता येतात का?

येतात, आणि ओळखावेत. आकाशात घार दिसली की एक लांब, बारीक, शिट्टीसारखा आवाज येतो आणि सगळ्या जागच्या जागी थिजतात किंवा आसऱ्याला पळतात. मांजर, मुंगूस, साप दिसला तर तुटक, जोराचा कलकलाट होतो आणि माना उंच होतात. पहिल्या आवाजाला वर बघायचं, दुसऱ्याला झुडपात. अंडं घातल्यानंतरचा गोंगाट दुसऱ्यासारखाच वाटतो, पण तो एकीचाच असतो. कोंबडा दाणा उचलत-टाकत टुकटुक करतो ते कोंबड्यांना बोलावणं. संध्याकाळी दांडीवरची हलकी कुरकुर म्हणजे जागेची वाटणी चालली आहे.

म्हातारीची नजर अधू झाली तरी कान शाबूत असतात. दाणे टाकताना रोज एकच हाक मारा, ती आवाजाच्या दिशेने येते.

धुळीत लोळतात ते बंद करावं का?

अजिबात नाही. ती त्यांची आंघोळ आहे. धुळीने उवा-पिसवा गुदमरतात आणि पिसांवरचं जास्तीचं तेल जातं. पावसाळ्यात कोरडी जागा राहत नाही, तेव्हा छपराखाली जुनं टायर किंवा लाकडी खोकं ठेवून त्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी चुलीची गार राख भरा. राख थोडीच, नुसती राख श्वासाला त्रास देते. जी म्हातारी लोळणं सोडते तिच्या अंगावर पंधरा दिवसांत उवा दिसतात, म्हणून पंखाखाली आणि शेपटीखाली अधूनमधून बघा. खुराड्याच्या फटींत दिवसा लपून रात्री रक्त पिणारी गोचीड आणि तांबडे किडे असतात. रात्री टॉर्च घेऊन दांडीचं खालचं अंग बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत.

पायाचे खवले उचकटले आहेत, चालताना लंगडते.

दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. खवले उचकटून पांढरट भुसा निघत असेल तर खवल्यांखाली सूक्ष्म किडा आहे. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवा, मऊ ब्रशने घासा, पुसून खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन जाडसर लावा. किड्याचा श्वास कोंडतो. आठवड्यातून दोनदा, महिनाभर करा. खवले ओढून काढू नका. सगळ्यांचे पाय तपासा, हे एकीवरून दुसरीवर जातं.

तळव्याला सूज आणि मधे काळी खपली असेल तर आत पू आहे. जड कोंबडी उंचावरून उडी मारते, पायाला जखम होते आणि जंतू शिरतात. हे डॉक्टरांकडून साफ करून घ्यावं, ब्लेडने घरी चिरू नये. पुढे होऊ नये म्हणून म्हाताऱ्यांसाठी दांडी फूट-दीड फुटावर आणा, दोन इंच रुंद आणि कडा गोल असलेली घ्या, आणि चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी तिरपी टेकवा. पण खाली जमिनीवर झोपू देऊ नका, मुंगूस आणि मांजर आधी तिलाच उचलतात.

आजारी आहे हे लवकर कसं ओळखायचं?

पंधरवड्यातून एकदा रात्री दांडीवरून उचलून हातात घ्या. छातीचं हाड चाचपा: दोन्ही बाजूंना मांस भरलेलं हवं. गळ्याखालची थैली सकाळी दाणे टाकायच्या आधी रिकामी हवी. सकाळीही ती फुगलेली, पिठासारखी मऊ आणि आंबट वासाची असेल तर पचन अडलं आहे. शेपटीखाली विष्ठा चिकटली आहे का, डोळ्यांत फेस आहे का, श्वासाला खरखर आहे का ते बघा.

शेपूट खाली, पंख ढिले, पेंग्विनसारखी ताठ उभी राहून जोर करते आहे अशी कोंबडी दिसली तर अंडं अडकलं असण्याची शक्यता मोठी. टबात कोमट पाणी घेऊन पोट बुडेल अशी वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या, शांत जागी ठेवा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर ती वाचत नाही. काही तासांत उतरलं नाही तर डॉक्टर गाठा.

पोट पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत असेल तर बहुधा अंड्याचं पिवळं पोटात सांडून संसर्ग झाला आहे किंवा गाठ आहे. वयस्क कोंबड्यांना अंडाशयाचा कर्करोग आपोआप होतो, इतका की माणसातल्या त्याच रोगाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञ कोंबड्या वापरतात. त्यावर घरगुती उपाय नाही, आणि कोणी काढा विकत असेल तर घेऊ नका.

म्हाताऱ्यांना लस लागते का?

लागते. लहानपणी लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीची लस दिलेली असली तरी मानमोडीविरुद्धची ताकद कमी होत जाते. वर्षातून एकदा तरी ती पुन्हा टोचून घ्या, सगळ्या कळपाला एकाच दिवशी. लस बर्फातून आणा आणि दुपारच्या उन्हात देऊ नका. देवीची लसही विचारून घ्या. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही.

बर्ड फ्लूची भीती परसातल्या कोंबड्यांना किती?

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. भारतातला पहिला बर्ड फ्लू फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला, लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो तिथे पुन्हा आला. एखादी म्हातारी कोंबडी मेली तर घाबरू नका. पण एक-दोन दिवसांत एकापाठोपाठ कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, डोकी सुजली, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर हात लावू नका, कापू नका, विकू तर अजिबात नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

एक मेली तर बाकीच्यांना कळतं का?

बदल कळतो. मेलेली कोंबडी वरच्या पायरीची असेल तर काही दिवस भांडणं वाढतात, दांडीवरच्या जागा बदलतात, हाका वाढतात. तिच्यासोबत कायम फिरणारी एखादी काही दिवस कमी खाते. त्याला शोक म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दाणे विखरून टाका आणि त्या आठवड्यात नवीन पक्षी आणू नका.

अंडी देत नाही तर आखाडात कापावी की ठेवावी?

हा प्रश्न विचारताना लोक उगाच लाजतात. कोंबडी खाण्यासाठी पाळली असेल तर खा. मांस चिवट असतं, कुकरला भरपूर शिट्ट्या लागतात, पण काळ्या मसाल्यातला तिचा रस्सा कोवळ्या कोंबडीला येत नाही. एकच अट: आजारी किंवा नुकतंच औषध दिलेली कोंबडी खाऊ नये. औषध बंद केल्यावर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा. हेच तिच्या अंड्यांनाही लागू.

ठेवायची असेल तर ती काही फुकट खात नाही. किडे टिपते, खत देते, पिलं वाढवते, आणि तलंगांना संध्याकाळी घरी आणते. माझं मत ठेवण्याकडे झुकतं, पण दहापैकी आठ म्हाताऱ्या आणि खाद्याला पैसे नाहीत अशी वेळ आली की सगळ्याच उपाशी राहतात. तेवढा हिशेब आधी करा.

मेलेली कोंबडी कुठे टाकायची?

उकिरड्यावर, नाल्यात, पाटात नाही. विहिरीपासून लांब दोन-तीन फूट खड्डा करा, खाली-वर चुना टाका, वर दगड ठेवा नाहीतर कुत्री उकरतात. नंतर हात साबणाने धुवा.

डॉक्टरांना फोन केल्यावर काय सांगायचं?

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. कोंबडीसाठी फोन करायला संकोचू नका. 'कोंबडी सुस्त आहे' एवढ्यावर कोणी काही सांगू शकत नाही. वय, शेवटचं अंडं कधी घातलं, विष्ठेचा रंग, खाणं-पिणं कधीपासून कमी झालं, कळपात किती आणि त्यांतल्या किती आजारी, गेल्या आठवड्यात नवीन पक्षी किंवा नवीन खाद्य आणलं का, शेजारी फवारणी झाली का, एवढं लिहून ठेवा. विष्ठेचा आणि तुऱ्याचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. आजारी पक्षी खोक्यात, भोकं पाडून, वेगळा ठेवा आणि मगच फोन लावा.